नोकरीचे पत्र

(शिक्षण पूर्ण झाले की प्रत्येकाला पहिल्या नोकरीची ओढ लागते. नोकरी परदेशातली असेल तर आनंद आणखी वाढतो. पण होकार देण्यापूर्वी नोकरीचे पत्र कसे वाचावे? एका शिक्षकाने सांगितलेला हा अनुभव वाचा.)

2017 सालची गोष्ट आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची बी.एड. ही पदवी मला नुकतीच मिळाली होती. आज हे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. माझा विषय होता इंग्रजी. शाळांतील शिक्षकभरती 2012 पासून जवळजवळ बंद होती. जागा निघाली तरी सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागत. माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाला त्या वेळी महिन्याला 8,000 रुपये मानधन मिळत असे.

अशा दिवसांत मला एक ई-मेल आला. तो मी सायबर कॅफेत छापून घेतला आणि धावतच घरी आलो. संयुक्त अरब अमिरातीतील शारजा शहरात एका शाळेला इंग्रजीचा शिक्षक हवा होता. पगार होता महिना 3,000 दिरहम. त्या वेळी एका दिरहमचे साधारण साडेसतरा रुपये होत. म्हणजे महिन्याला 52,500 रुपये! पत्र मुंबईच्या एका एजंटाने पाठवले होते. खाली एक ओळ होती, 'सेवाशुल्क 1,20,000 रुपये, आठ दिवसांत रोख भरावे.'

अम्मीने पत्र ऐकले. ती काही न बोलता आत गेली आणि आपल्या सोन्याच्या बांगड्या घेऊन आली. "या ठेव," ती म्हणाली. "तुझ्या शिक्षणासाठी मोडल्या नाहीत, नोकरीसाठी मोडू."

अब्बा केळीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशोब लिहीत. त्यांनी बांगड्यांकडे पाहिले, मग पत्राकडे पाहिले. ते म्हणाले, "बाजारात रोज केळीचा भाव जाहीर होतो. पण शेतकऱ्याच्या हातात तेवढे पैसे पडत नाहीत. वाहतूक जाते, मजुरी जाते. बोर्डावरचा भाव वेगळा आणि हातातला पैसा वेगळा. या पत्रात तर फक्त भाव लिहिला आहे. तू धुळ्याला जा आणि आपल्या सरांना पत्र दाखव. ते चौदा वर्षे मस्कतला शिकवून आले आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी. पकडली. बांभोरीजवळ गिरणा नदीचा पूल लागला. तिथूनच विद्यापीठाच्या इमारती दिसतात. मला वाटले, आता या रस्त्याने पुन्हा यायला नको, आता विमानातूनच जायचे. एरंडोल आणि पारोळा मागे टाकून बस धुळ्याला पोहोचली. सर देवपुरात राहत होते. त्यांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचले.

"बेटा, या पत्रात काय लिहिले आहे, ते तू वाचलेस," सर म्हणाले. "काय लिहिलेले नाही, ते वाचलेस का?"

मी गप्प बसलो. सरांनी एक वही पुढे ओढली. "लिही," ते म्हणाले.

"पहिला प्रश्न. तुला नोकरी कोण देणार आहे? शाळा की एजंट? पत्रात शाळेचे नाव आहे, पण सही एजंटाची आहे. शाळेला तुझे नाव तरी माहीत आहे का? तुझी मुलाखत कोणी घेतली?"

"मुलाखत झालीच नाही, सर."

"मुलाखत न घेता जी शाळा शिक्षक नेमते, ती मुलांची किती काळजी घेत असेल? पुढे लिही. दुसरा प्रश्न. काम कोणते? कोणत्या इयत्ता, आठवड्याला किती तासिका, शिकवण्याशिवाय आणखी कोणती कामे? 'इंग्रजीचा शिक्षक' या दोन शब्दांत वीस तासिकाही बसतात आणि पस्तीसही बसतात."

"तिसरा प्रश्न पगाराचा. 3,000 दिरहमपैकी मूळ वेतन किती आणि भत्ते किती?"

मी पत्र पाहिले. मूळ वेतन 1,500 आणि बाकी भत्ते, असे बारीक अक्षरांत लिहिले होते. "त्याने काय फरक पडतो, सर? हातात तर 3,000 येणार ना?"

"फरक पडतो. तिथल्या कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण करून नोकरी सुटली तर उपदान मिळते. पहिली पाच वर्षे दर वर्षाला 21 दिवसांचा पगार. पण तो मूळ वेतनावर मोजतात. मूळ वेतन 1,500 असेल तर वर्षाचे 1,050 दिरहम होतात. 3,000 असते तर 2,100 झाले असते. आता सांग, पगार बारा महिन्यांचा आहे की दहा महिन्यांचा?"

मी पुन्हा पाहिले. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या सुट्टीत पगार मिळणार नव्हता. राहायला खोली नव्हती. विमानाचे तिकीटही आपणच काढायचे होते.

सरांनी शारजात राहणाऱ्या आपल्या एका नातेवाइकाला फोन लावला आणि तिथला खर्च विचारला. मग आम्ही हिशोब मांडला. चारजणांच्या खोलीत एका खाटेचे भाडे 700 दिरहम, जेवण 600, बस आणि फोन 300. एकूण 1,600. उरले 1,400 दिरहम, म्हणजे 24,500 रुपये. दहा महिन्यांचे झाले 2,45,000 रुपये. त्यातून एजंटाचे 1,20,000 वजा केले. तिकीट आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचे 35,000 वजा केले. पहिल्या वर्षी शिल्लक राहिले 90,000 रुपये. बारा महिन्यांनी भागले तर महिन्याला 7,500!

मी आकड्याकडे पाहतच राहिलो. शिक्षणसेवकाचे मानधन याहून पाचशे रुपयांनी अधिक होते.

"घाईने निकाल देऊ नकोस," सर म्हणाले. "शिक्षणसेवकालाही जेवणखाण असतेच. शिवाय दुसऱ्या वर्षी एजंटाचे पैसे द्यावे लागणार नाहीत, तेव्हा हिशोब बदलेल. परदेश वाईट नाही. हे घर मी मस्कतच्या कमाईतून बांधले. मुलींना शिकवले, तेही त्याच कमाईतून. पण मला शाळेने खोली दिली होती, तिकीट दिले होते आणि करार आधी हातात दिला होता. चौथा प्रश्न लिही. व्हिसा कोणता?"

पत्रात व्हिसाबद्दल एक शब्दही नव्हता.

"नोकरीसाठी नोकरीचाच व्हिसा लागतो. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. शिवाय शिक्षकाच्या नेमणुकीला तिथल्या शिक्षण खात्याची मान्यता लागते. पाचवा प्रश्न. करार किती वर्षांचा? मध्येच सोडायचे असेल तर काय? आजारी पडलास तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेव. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला द्यायचा नाही. भारताचा पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तसे त्याच्यावरच छापलेले असते."

मी विचारले, "सर, हे सगळे तपासायला सरकारी अधिकारी नसतात का?"

सर हसले. "आहेत. दहावी न झालेला कामगार आखाती देशांत नोकरीला जातो, तेव्हा 1983 च्या कायद्यानुसार त्याला आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी त्याच्या नोकरीची कागदपत्रे अधिकारी पाहतात. पण जो दहावी पास आहे, त्याला ही परवानगी लागत नाही. सरकार असे समजते की हा शिकलेला आहे, याला वाचता येते. तू तर बी.एड. आहेस. म्हणजे तुझा करार तपासणारा अधिकारी कोण?"

"मीच," मी म्हणालो.

"मग नीट तपास. पदवी भिंतीवर टांगण्यासाठी नसते."

जळगावला परत येऊन मी एजंटाला पाच प्रश्न लिहून पाठवले. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. 'आधी व्हिजिट व्हिसावर या, नंतर बदलून देऊ. जागा एकच आहे, उमेदवार पुष्कळ आहेत. उद्यापर्यंत पैसे भरा,' असे त्याने लिहिले होते. परवान्याचा क्रमांक विचारला, तर त्याने फोन ठेवून दिला.

मग मी शाळेचा पत्ता शोधून थेट शाळेलाच लिहिले. आठवड्याने उत्तर आले. 'आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मुलाखतीशिवाय नेमणूक करत नाही. आपण लिहिलेली व्यक्ती आमची प्रतिनिधी नाही.' मी ते पत्र अम्मीला उर्दूत समजावून सांगितले. तिने बांगड्या हातात घातल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी घरात शिरखुर्मा झाला, ईद नसतानाही!

मी पुढे धुळ्याच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. डिसेंबर 2017 मध्ये राज्यात शिक्षकांची पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली. ती मी दिली आणि काही काळाने रीतसर नेमणूकही मिळाली. माझ्या एका वर्गमित्राने मात्र दुसऱ्या वर्षी तेच पाच प्रश्न आखातातील दुसऱ्या एका शाळेला विचारले. शाळेने पाचही उत्तरे लिहून दिली. फोनवर मुलाखत घेतली, खोली दिली, तिकीट पाठवले. तो गेला आणि आजही तिथे आनंदाने शिकवतो आहे. मी गेलो नाही, तो गेला. आम्हा दोघांचेही निर्णय बरोबर होते, कारण दोघांनीही पत्र नीट वाचले होते.

मुलांनो, आज अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते. असा एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेऊ शकतो आणि त्याची पावती द्यावी लागते. प्रत्येक देशाचे नियमही वेगळे असतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा इंग्रजी बोलल्या जाणाऱ्या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या सातांत भारत नाही. तेव्हा अशा जागेचे वचन कोणी सहज देत असेल, तर आधी नियम तपासावा. 2022 साली थायलंडमध्ये नोकरी देतो, असे सांगून अनेक भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकवले गेले. तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला लोकांना सावध करावे लागले.

उद्या तुमच्यापैकी कोणाला असे पत्र आले, तर आनंद जरूर करा. मग वही घ्या आणि पत्रात काय लिहिलेले नाही, ते लिहून काढा.

शब्दार्थ
मानधन – कामाबद्दल मिळणारी ठरावीक रक्कम
मूळ वेतन – बुनियादी तनख्वाह
भत्ता – पगाराशिवाय मिळणारी जादा रक्कम
उपदान – नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम, ग्रॅच्युइटी
करार – मुआहिदा
साक्षांकन – कागद खरा असल्याची तसदीक
परवाना – इजाजतनामा, लायसन्स
रीतसर – नियमाप्रमाणे, बाकायदा

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला कोणत्या शहरातील नोकरीचे पत्र आले?
(आ) लेखकाचे वडील कोणते काम करत?
(इ) उपदान कोणत्या वेतनावर मोजतात?
(ई) पासपोर्ट कोणाची मालमत्ता असते?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी केळीच्या भावाचे उदाहरण का दिले?
(आ) 52,500 रुपयांचे 7,500 रुपये कसे झाले?
(इ) दोघांचेही निर्णय बरोबर होते, असे लेखक का म्हणतो?

प्र. 3. कोण कोणास म्हणाले?
(अ) "तुझ्या शिक्षणासाठी मोडल्या नाहीत, नोकरीसाठी मोडू."
(आ) "पदवी भिंतीवर टांगण्यासाठी नसते."

प्र. 4. विरुद्धार्थी शब्द लिहा.
होकार, शिल्लक, आनंद, परदेश

प्र. 5. वाक्यात उपयोग करा.
ओढ लागणे, हिशोब मांडणे, पाहतच राहणे

प्र. 6. लेखन
परदेशातील एका शाळेने तुम्हाला नोकरी देऊ केली आहे, अशी कल्पना करा. होकार देण्यापूर्वी माहिती विचारणारे पत्र मुख्याध्यापकांना लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातील परदेशात नोकरी करून आलेल्या एका व्यक्तीला भेटा. जाण्यापूर्वी त्यांनी काय विचारले होते आणि काय विचारायचे राहून गेले, ते वहीत लिहा.