दारू पिऊन वाहन चालविणे : कायदा काय सांगतो?

नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर या रस्त्यावर ज्यांचे पोट स्टिअरिंगवर अवलंबून आहे असे आपले अनेक तरुण आहेत. कोणाचा ऑटो, कोणाचा टेम्पो. बहुतेक गाड्या कर्जाच्या. बँकेत काम करणारे आम्ही एवढे निश्चित सांगू शकतो की, लायसन्स गेले म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून हा विषय प्रत्येक घरात समजला पाहिजे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळल्यास गुन्हा होतो. गाडी चालविणेच नव्हे, तर चालविण्याचा प्रयत्न करणे हाही गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही. प्रकरण न्यायालयात जाते. शिवाय पोलीस लायसन्स जप्त करून ते निलंबनासाठी आर.टी.ओ.कडे पाठवितात.

आता आरोपीचे हक्क पाहू. पोलिसांनी यंत्रात फुंकण्यास सांगितल्यास विनाकारण नकार देऊ नये. तो नकार न्यायालयात आपल्याच विरुद्ध जातो. मात्र या कलमाखाली पोलिसांनी वॉरंटशिवाय जागेवर अटक केल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा सोडावे लागते. तोंडाला वास येतो, चाल अडखळते, एवढ्यावरून दारूचा आरोप सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली एका निकालात म्हटले आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे. अटकेचे कारण समजणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि चोवीस तासांत न्यायाधीशासमोर हजर केले जाणे हे हक्क डॉ. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाच्या कलम २२ ने दिले आहेत.

अपघातात माणूस दगावला तर प्रश्न फार गंभीर होतो. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर ठार झाले. खालच्या न्यायालयाने हा केवळ निष्काळजीपणा मानला होता. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कारण असे की, अशा अवस्थेत बेफाम गाडी हाकल्यास माणसे मरू शकतात, याची जाणीव चालकाला असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत (कलम १०६), तर अशी जाणीव असताना केलेल्या सदोष मनुष्यवधास दहा वर्षांपर्यंत (कलम १०५) कैद आहे. मेलेले ते मजूर आपल्यासारख्याच गरीब घरांतले होते, हे विसरता येणार नाही.

“कबूल म्हणा, दंड भरा, मोकळे व्हा” असा सल्ला कोर्टाच्या आवारात मिळतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. आधी वकिलाला विचारावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नांदेड व लातूर येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

पंचशीलातील पाचवे शील आपण सभेत म्हणतो. वरातीतून परतताना गाडीची चावी हाती घेण्यापूर्वीही ते आठवावे, एवढीच विनंती.