पैसे घातले त्यांनीच टाळ्या वाजवल्या का?

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही चार वर्षांपासून बंगळुरूत राहतो. ऑफिसातल्या कन्नड मैत्रिणीने फार आग्रह केला, म्हणून घरी बसून 'लूसिया' पाहिला. हा चित्रपट प्रेक्षकांच्याच पैशांतून झाला आणि पुढे त्याला प्रेक्षकांचाच पुरस्कार मिळाला, असं तिने सांगितलं. चित्रपट आवडला, पण एक शंका डोक्यात राहिली. ज्यात आपलेच पैसे अडकलेत त्याला कोण नावं ठेवेल? मग ते कौतुक कितपत खरं मानायचं? दुसरी गोष्ट घरातली. नवऱ्याच्या मते ती सरळ प्रेमकथा आहे, मला ती रहस्यकथा वाटली. आमच्यापैकी बरोबर कोण?
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि ती हिशेबानेच सोडवता येते. पवनकुमार या दिग्दर्शकाने 'लूसिया'साठी पैसे गोळा केले तेव्हा 110 जणांनी मिळून सुमारे 51 लाख रुपये दिले, तेही 27 दिवसांत. म्हणजे माणशी सरासरी 46 हजार. रक्कम लहान नाही, पण माणसं बघा किती! बंगळुरूच्या केंपेगौडा रस्त्यावरच्या जुन्या एकपडदा थिएटरची बाल्कनीसुद्धा 110 जणांनी भरली नसती. त्यांनी घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या सगळ्यांना नेलं असं धरलं, तरी पहिल्या दिवसाचे एकदोन खेळ निघाले असते. तिकिटं खपली ती त्यांच्या पलीकडच्या लोकांमुळे, आणि त्या लोकांचा चित्रपटात तिकिटापलीकडे एक पैसाही नव्हता.

पुरस्काराची गोष्ट तर त्याहून दूरची. कर्नाटकात 'लूसिया' लागला 6 सप्टेंबर 2013 ला. त्याआधी जुलैमध्ये तो लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि तिथल्या प्रेक्षकांनी त्याला आपल्या पसंतीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. त्या सभागृहात कन्नड न समजणारे आणि खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत बसलेले लोकही होते. नायक कोण, दिग्दर्शक कोण, बंगळुरूतलं सिनेमावाल्यांचं गांधीनगर कुठे, यातलं काही त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पैसे घालणारे एक आणि पसंती देणारे दुसरे, असा हा मामला आहे. तुमच्या मैत्रिणीने 'प्रेक्षक' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला, त्यात ही गफलत झाली.

पण आपलेपणाने काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. 1976 साली आलेला श्याम बेनेगलांचा 'मंथन' आठवा. पटकथा विजय तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील आणि कर्नाटकातले गिरीश कार्नाड. गुजरातच्या सहकारी दूध संस्थांतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्या दहा लाखांत चित्रपट झाला. पुढे हेच शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' पिक्चर बघायला गेले. आता त्यांच्या टाळ्या खोट्या म्हणायच्या का? मला नाही वाटत. पडद्यावर त्यांचीच गुरं, त्यांचीच डेअरी, त्यांच्याच गावचं राजकारण होतं. दोन रुपयांनी माणूस थिएटरच्या दारापर्यंत येईल. आत दोन तास खिळून राहायला पडद्यावर काहीतरी असावं लागतं.

'लूसिया'त काय होतं, ते शेवट न फोडता सांगते. तुम्ही पाहिला आहे, पण इतर वाचकांचा विचार करायला हवा. निक्की हा खेड्यातून बंगळुरूत आलेला तरुण शंकरअण्णाच्या मोडकळीला आलेल्या थिएटरात अंधारात जागा दाखवणारा बॅटरीवाला आहे. रात्री त्याला झोप लागत नाही. झोपेसाठी तो 'लूसिया' नावाची गोळी घ्यायला लागतो आणि मग रोज रात्री एकच सलग स्वप्न पाहतो. त्यात तो निखिल नावाचा मोठा सिनेस्टार असतो. दिवसा त्याचं पिझ्झाच्या दुकानात काम करणाऱ्या श्वेतावर प्रेम आहे, आणि स्वप्नातही तीच मुलगी वेगळ्या थाटात समोर येते. निक्कीचं आयुष्य रंगीत, निखिलचं कृष्णधवल. आणि या सगळ्याच्या बाहेर एक माणूस दवाखान्यात बेशुद्ध पडलेला आहे, त्याचं हे असं कशाने झालं याचा तपास चालू आहे.

इथे मला बॅटरीवाल्यापाशी थोडं थांबायचं आहे. आमच्या गावच्या टॉकीजमध्ये न्यूजरील सुरू झाल्यावर पोहोचलो की दारावरचा माणूस तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घेई आणि बॅटरी लावी. पिवळा ठिपका पायऱ्यांवरून सरकत पुढे जाई, आम्ही त्याच्या मागे. ठिपका खुर्चीच्या पाठीवर दोनदा टेकला की ती आपली जागा. इतकी वर्षं त्या टॉकीजला गेले, पण त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. उजेड नेहमी आमच्या पायांशी, तो स्वतः अंधारात. रोज तेच पिक्चर पाहून त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न कधी मनात आला नाही. पवनकुमारने तोच चेहरा निवडला. बंगळुरूकरांनी चित्रपट उचलून धरला त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. मॅजेस्टिकच्या आसपासची जुनी थिएटरं एकामागून एक पडत होती. ज्या 'मॅजेस्टिक' थिएटरवरून त्या भागाला नाव पडलं, तेसुद्धा आता उरलेलं नाही. थिएटर, त्याचा कर्जात बुडालेला मालक आणि दारावरचा पोरगा या तिघांची काळजी करणारी गोष्ट त्या शहराच्या अगदी जिव्हाळ्याची होती.

आणि बंगळुरूतल्या मराठी माणसाला तर ही गोष्ट आणखी जवळची वाटायला हवी. याच शहरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला तरुण सिटी बसमध्ये तिकिटं फाडत होता. त्याचा रजनीकांत झाला. तिकीट फाडणारा हात पडद्यावर जातो, हे बंगळुरूने एकदा खरोखर घडताना पाहिलंय. निक्कीचं स्वप्न तिथे कुणाला अशक्य कोटीतलं वाटलं नसणार.

समीक्षकांनी मुख्यतः वाखाणली ती पटकथेची वीण. दोन आयुष्यं एकमेकांत इतकी घट्ट विणली आहेत की पहिल्या तासात सहज टाकलेलं वाक्य शेवटी पुराव्यासारखं समोर येतं. 'इन्सेप्शन'शी तुलनाही झाली. ती मला पटत नाही. तिथे स्वप्नात शिरायला टोळी आणि यंत्रं लागतात, इथे एक गोळी आणि उशी पुरते. चित्रपटात उणं काहीच नाही असंही नाही. पूर्वार्धात श्वेता आणि निक्कीचे रुसवेफुगवे जरा लांबतात, तपासाचा धागा मधेच बराच वेळ सोडून दिला जातो. पहिल्यांदा पाहताना मध्यंतराला मीही गोंधळले होते.

प्रेक्षकांचा कौल खरा होता का, हे तपासायला आणखी एक चांगली जागा आहे. 2015 साली याच कथेवर तमिळमध्ये 'एनक्कुळ ओरुवन' आला. नायक सिद्धार्थ, म्हणजे आधीच नावारूपाला आलेला नट. कथा तीच, रहस्य तेच, नायक जास्त प्रसिद्ध. तरी 'लूसिया'एवढा गाजावाजा त्याचा झाला नाही. माझ्या मते कारण चेहऱ्यात आहे. कन्नडमध्ये निक्की झालेल्या सतीश नीनासमने तोवर छोट्यामोठ्या भूमिका केल्या होत्या. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूची 'नीनासम' ही के. व्ही. सुब्बण्णांची नाट्यसंस्था, तिथे तो शिकला आणि तिचंच नाव त्याने आडनावासारखं लावलं. असा माणूस बॅटरी धरून उभा राहिला की तो बॅटरीवालाच दिसतो, आणि स्टार म्हणून आला की आपण दचकतो. सिद्धार्थ बॅटरी धरतो तेव्हा आपल्याला आधी सिद्धार्थ दिसतो. तुम्हाला 'सैराट'चं उदाहरण जवळचं वाटेल. 'मनसु मल्लिगे' या त्याच्या कन्नड अवतारात रिंकू राजगुरूच होती, तरी 'सैराट' संपल्यावर मराठी थिएटरांत जी शांतता पसरायची, ती काही सोबत नेता आली नाही. पैसे घालून प्रतिसाद विकत घेता येत असता, तर कथा विकत घेऊनही तो घेता आला असता.

आता घरातला वाद. तुम्ही दोघंही बरोबर आहात म्हटलं की तुम्हाला टाळल्यासारखं वाटेल, म्हणून स्पष्ट सांगते: माझं मत तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. रहस्यकथा पाहताना आपण कुणावरच विश्वास ठेवत नाही, प्रेमकथा पाहताना ठेवायचा असतो. पवनकुमार शेवटपर्यंत आपल्याकडून दोन्ही गोष्टी करून घेतो. 'हे कुणी केलं?' या प्रश्नाचं उत्तर मिळतं, तेव्हा ते जेमतेम क्षणभर महत्त्वाचं वाटतं. लगेच दुसराच प्रश्न उभा राहतो: यातल्या कुठल्या श्वेतावर त्याचं प्रेम खरं होतं? घरी येताना लोक त्याबद्दल बोलत होते, गोळीबद्दल कुणी बोलत नव्हतं.

तरी तुमचं पारडं अगदीच हलकं नाही, कारण रहस्याच्या खुणा सगळीकडे पेरलेल्या आहेत. पुन्हा पाहाल तेव्हा संवादांकडे थोडं दुर्लक्ष करा आणि रंगांवर लक्ष ठेवा. कुठलं जग रंगीत दाखवलं आहे आणि ते कुणाच्या नजरेतून, एवढंच बघा. आणि महाराष्ट्र मंडळात जाणं होत असेल, तर ते गांधीनगरातच, कन्नड सिनेव्यवसायाच्या ऐन पेठेत आहे. कार्यक्रम संपल्यावर दोघं चालत केंपेगौडा रस्त्यापर्यंत जा, जे एकपडदा थिएटर अजून चालू असेल तिथे रात्रीच्या खेळाला बसा. मुद्दाम पाच मिनिटं उशिरा शिरा. बॅटरीवाला असेल, तर जागा दाखवून झाल्यावर एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघा.