‘केमिस्ट्रीत स्कोप कुठे आहे?’

निकाल लागले की पुढचे दोन महिने सल्ला विचारायला येणाऱ्या पालकांचे तेच दोन प्रश्न. ‘नीटला थोडक्यात हुकलं, परत बसवू का?’ आणि ‘कॉम्प्युटरला मॅनेजमेंट कोट्यातून मिळतंय, आकडा मोठा आहे, पण घेऊन टाकू का?’ मुलाला काय आवडतं, असं विचारलं की वडील गप्प होतात. मग आई सांगते, ‘तसं त्याला केमिस्ट्री आवडते हो. पण त्यात स्कोप कुठे आहे?’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. मार्क खरोखर जवळ आले असतील आणि मुलाला स्वतःला डॉक्टर व्हायचं असेल, तर नीट एकदा परत द्यावी. तिसऱ्यांदा देऊ नये. कोडिंगची गोडी असेल तर कॉम्प्युटरला खुशाल जावं, पण शेजारच्यांचा मुलगा गेला म्हणून घर गहाण टाकून जाऊ नये. बी.फार्म., डी.फार्म.ची माहिती गल्लोगल्ली मिळते. आज बोलायचं आहे ते आईच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल.

केमिस्ट्रीतला एक स्कोप सांगतो. औषध कंपनी नवा रेणू तयार करते आणि पेटंटसाठी अर्ज करते. अर्ज शंभर-दोनशे पानांचा असतो, पण खरी मेख शेवटच्या काही पानांत, क्लेम्समध्ये असते. आम्हाला २० वर्षांची मक्तेदारी नेमकी कशावर हवी, ते तिथे लिहिलेलं असतं. सरकारच्या वतीने ही पानं वाचून ‘हे नवं आहे का, की जुन्यालाच नवं नाव दिलंय?’ असं विचारणाऱ्या माणसाला पेटंट एक्झामिनर म्हणतात. औषधाचा क्लेम तपासायला केमिस्ट्रीच यावी लागते, तिथे इतिहासाचा पदवीधर चालत नाही आणि कोडिंगवालाही.

एखादा क्लेम कसा असतो ते पाहा. एक रचनासूत्र काढलेलं असतं. त्याखाली लिहिलेलं असतं, की आर-वन म्हणजे हायड्रोजन, हॅलोजन किंवा एक ते सहा कार्बनचा अल्किल गट, आणि आर-टू म्हणजे आणखी डझनभर पर्याय. असे चार-पाच ‘आर’ एकमेकांशी गुणले की एका वाक्यात लाखो रेणू बसतात. याला मार्कुश क्लेम म्हणतात. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवलेले रेणू मात्र अनेकदा शे-दोनशेच असतात. एक्झामिनर आधीची पेटंटं आणि शोधनिबंध धुंडाळतो. एखाद्या जुन्या निबंधातल्या तक्त्यात, कुठल्यातरी ओळीत, याच चौकटीत बसणारा एखादा रेणू सापडतो आणि तेवढ्यावर अख्खा क्लेम अडचणीत येतो. मग तपासणी अहवालात त्या निबंधाला ‘डी-वन’ असं नाव पडतं आणि कंपनीच्या वकिलांना उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. बहुतेक कंपन्या क्लेम आखडता घेतात, काही भांडतात. अंतिम निर्णय पेटंट कार्यालयातल्या कंट्रोलरचा असतो, पण त्याचा पाया एक्झामिनरने घातलेला असतो.

आपल्या कायद्यात आणखी एक चाळणी आहे, कलम ३(ड). आपल्याकडे औषधाच्या रेणूला पेटंट मिळू लागलं ते २००५ पासून. त्याआधी फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं. दार उघडताना संसदेने अट घातली, की ठाऊक असलेल्या औषधाचं नवं सॉल्ट, नवा स्फटिक किंवा बारीक केलेले कण हे जुनंच औषध मानलं जाईल, परिणामकारकतेत लक्षणीय फरक दाखवला तरच वेगळं.

नोव्हार्टिसचं ग्लिव्हेक याच अटीवर अडलं. रक्ताच्या कर्करोगावरच्या या औषधाच्या बीटा स्फटिकासाठी कंपनीने १९९८ मध्ये अर्ज केला होता. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो २००६ मध्ये फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. नवा स्फटिक जास्त टिकाऊ असेल, ओलावा कमी धरत असेल, पण म्हणून रोग्याला जास्त गुण येतो हे कुठे सिद्ध झालं, असा तो मुद्दा होता. बारावीच्या पुस्तकातला ‘सॉलिड स्टेट’ हा धडा आपली मुलं चार मार्कांसाठी घोकतात. तोच धडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लढला गेला.

मुंबई कार्यालयातलं उदाहरण तर अगदी अलीकडचं आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन देतात. त्याच्या फ्युमरेट सॉल्टवर जॉन्सन अँड जॉन्सनला वेगळं पेटंट हवं होतं, म्हणजे मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत चालली असती. क्षयाच्या उपचारांत ऐकण्याची शक्ती गमावलेल्या दोघींनी, मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, त्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये अर्ज नामंजूर झाला. हे सगळं भांडण एका सॉल्टवरून होतं. स्कोप विचारणाऱ्यांना मी हीच हकिगत सांगतो.

आता भानावर येऊ. केमिस्ट्रीतून एक्झामिनर व्हायला एम.एस्सी. लागते, नुसती बी.एस्सी. पुरत नाही. पद केंद्र सरकारचं, वर्ग एकचं, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. २०२३ मध्ये सगळ्या शाखा मिळून ५५३ जागांची जाहिरात निघाली. पण अशी भरती दरवर्षी होत नाही, तेव्हा ‘पेटंट बॅच’ काढून मुलांना चार वर्षं कोंडणाऱ्या क्लासवाल्यांपासून आधीच सावध करतो. दुसरी बाजू टेबलापलीकडची, अर्जदाराच्या वतीने काम करणाऱ्या पेटंट एजंटची. त्याला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी, वयाची २१ वर्षं आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा एवढं पुरतं, एलएल.बी. लागत नाही. ही परीक्षाही ठरलेल्या वेळी होईल याची खात्री नसते. दरम्यान औषध कंपन्यांच्या आयपी (बौद्धिक संपदा) विभागांत आणि पुण्या-मुंबईच्या पेटंट फर्म्समध्ये शोधकामासाठी एम.एस्सी. झालेली मुलं घेतात. सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मावसभावाइतका नसतो. लग्नाच्या बायोडेटात ‘पेटंट ॲनालिस्ट’ लिहिलं तर दोन घरं ‘म्हणजे नक्की काय करतो?’ असंही विचारतील. ते सोसायची तयारी ठेवा.

आणि पालकहो, कृपा करून याची नवी नीट करू नका. हे काम प्रत्येकाचं नाही. ज्याला एकच परिच्छेद चारदा वाचण्याचा कंटाळा येतो, त्याला तिथे ढकललंत तर दोन वर्षांत तो तुमच्याशी बोलणं टाकेल. वर्गात ‘सर, पण हे असंच का?’ विचारून शिक्षकांना वैताग आणणारी, छापलेल्या उत्तरातली चूक शोधण्यात आनंद मानणारी मुलं तिथे रमतात. अशा मुलांना आपण ‘फाटे फोडतो’ म्हणून गप्प बसवतो. एक्झामिनरला पगार मिळतो तो फाटे फोडण्याचाच.

मुलाला हे रुचेल का, याची परीक्षा घरीच घेता येते. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘इनपास’ नावाचा शोध फुकट आहे. एखाद्या औषधाचा अर्ज काढा, त्यावरचा पहिला तपासणी अहवाल उतरवून घ्या आणि मुलाच्या हातात द्या. तो पाच पानं पुढे गेला तर एम.एस्सी.चं बघू. तिसऱ्या पानावर मोबाइल उचलला तर विषय सोडून द्या, आणि त्याबद्दल त्याला टोमणेही मारू नका.