बेसमेंटची हवा

नेपरव्हिल, 12 जानेवारी

चि. निखिल,


काल फोनवर तू सांगितलंस की ऑरोराच्या टाऊनहाऊसला भाडेकरू मिळाले, नवरा-बायको आणि दोन मुलं, आणि बेसमेंटमधली खोली थोरल्या मुलाला देणार आहेत. त्याच दमात विचारलंस, "मामा, तो रेडॉनचा फॉर्म, त्यावर सही केली की झालं ना?" मी हो म्हणालो. कायद्यापुरतं ते खरंच आहे. पण रात्री झोप लागेना. ईमेल केलं असतं तर तीन ओळी वाचून तू अंगठा दाखवला असतास, म्हणून कागदावर लिहितोय.

आधी कायदा. इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 2024 पासून भाडेकरार होण्याआधी घरमालकाने तीन गोष्टी द्यायच्या असतात: राज्याची भाडेकरूंसाठीची रेडॉनची पुस्तिका, त्या घरात रेडॉन वायू धोक्याच्या पातळीवर असल्याचा पूर्वीचा काही रिपोर्ट हाताशी असेल तर त्याची प्रत, आणि सही केलेला डिस्क्लोजर फॉर्म. तिसऱ्या मजल्यापासून वरच्या घरांना हे लागू नाही, तुझ्या घराला आहे. राहायला आल्यावर पहिल्या 90 दिवसांत भाडेकरू स्वतः टेस्ट करू शकतो. आकडा धोक्याचा निघाला आणि तू दुरुस्ती करायला तयार नसलास, तर तो करार मोडून जाऊ शकतो. मात्र मालकाने टेस्ट केलीच पाहिजे, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. मेन राज्यात उलटं आहे, तिथे भाड्याच्या घराची टेस्ट करून भाडेकरूला आकडा लेखी कळवणं मालकाच्याच गळ्यात आहे.

आता यातली खोच बघ. "माझ्याकडे कसलाही रिपोर्ट नाही" या वाक्यावर तू अगदी खरेपणाने सही करशील. टेस्टच केली नाही तर रिपोर्ट येणार कुठून? म्हणजे ज्याने बघितलंच नाही तो मोकळा, आणि ज्याने बघितलं त्याच्या मागे लचांड. मी सहा वर्षं याच मोकळेपणात काढली.

तुला आपलं लायलचं जुनं घर आठवत असेल. आम्ही इकडे आलो तेव्हा ते भाड्याने दिलं होतं, आणि बेसमेंट वेगळं काढून सांगलीहून शिकायला आलेल्या एका मुलाला स्वस्तात दिलं होतं. चांगला मुलगा, भाडं पहिल्या तारखेला हातात. त्याचा पलंग पाणी उपसणाऱ्या संप पंपाच्या खड्ड्यापासून चार हातांवर होता, आणि त्या खड्ड्यावर झाकण म्हणून प्लायवूडचा तुकडा. घर विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराने टेस्ट करवली. आकडा आला 11.3. अमेरिकेत 4 पिकोक्युरी दर लिटरला दुरुस्ती करा म्हणतात, 2 च्या वर गेला तरी विचार करा म्हणतात. मी किमतीत सूट दिली, सह्या झाल्या, प्रकरण मिटलं. पण जो त्या हवेत झोपला होता त्याचं कुठल्याच कागदावर नाव नव्हतं. महिनाभर टाळून शेवटी त्याला फोन केला. तो हसला. "काका, मी सिगरेट ओढत नाही, काळजी करू नका." सिगरेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी पट जास्त हे खरंच, पण न ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं पहिलं कारण रेडॉनच मानतात. ते त्याला फोनवर सांगायचं धैर्य मला झालं नाही.

तू इंजिनियर, म्हणून रेडॉन येतो कुठून ते थोडक्यात. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. वास नाही, रंग नाही. तो मातीतून वर येतो आणि स्लॅबच्या भेगा, पाइपांभोवतीच्या फटी, संपचा खड्डा यांतून घरात शिरतो. हिवाळ्यात घर धुराड्यासारखं वागतं: तापलेली हवा वरून निसटते आणि खालच्या मातीतली हवा आत ओढली जाते, त्यात आपण खिडक्या गच्च लावलेल्या. श्वासातला रेडॉन बराचसा बाहेरही पडतो, पण त्याच्यापासून होणारं पोलोनियम धुळीला चिकटून फुप्फुसात बसतं. अमेरिकेत वर्षाला सुमारे 21,000 मृत्यू यामुळे होतात, असा सरकारी अंदाज आहे.

आणि घरातल्या रेडॉनकडे सगळ्यांचं लक्ष गेलं कसं? 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनियर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला होता. तिथल्या किरणोत्साराच्या गजराच्या दारातून तो गेला की गजर वाजायचा. गंमत म्हणजे केंद्र अजून सुरूच झालं नव्हतं, आणि तो कामावर *येताना*ही गजर वाजायचा. शेवटी त्याचं घर तपासलं, तर आकडा 2,700 च्या आसपास. किरणोत्सार केंद्रातून घरी जात नव्हता, घरातून केंद्रात येत होता. तुझ्या भाडेकरूच्या दाराला मात्र असा गजर नाही.

चाव्या 1 फेब्रुवारीला द्यायच्या आहेत ना? मग घर रिकामं आहे आणि थंडी कडक आहे तोवरच टेस्ट करून घे, यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. तू सिअ‍ॅटलला बसून किट मागवू नकोस, राज्याचं लायसन्स असलेला माणूसच बोलाव. बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद, हीटिंग नेहमीसारखं चालू, मग निदान 48 तास यंत्र तिथे. यंत्र थोरल्या मुलाच्या बेसमेंटमधल्या खोलीतच ठेवायला सांग. वर किचनमध्ये ठेवून सुंदर आकडा आणणारे महाभाग मी पाहिलेत.

आकडा वर आला तर घाबरू नकोस. तुझं घर 2013 नंतरचं आहे, तेव्हा स्लॅबखालून छपरापर्यंत पांढरा पाइप बहुधा आधीच घातलेला असेल, त्यावर पंखा बसवायचं काम राहील. नसला तरी हजार-दोन हजार डॉलरचा मामला. दुरुस्तीनंतर पुन्हा टेस्ट, आणि दोन्ही रिपोर्ट भाडेकरूच्या हातात दे. त्याने आकडा बघून घर नाकारलं तर नाकारू दे.

एक सांगायचं राहिलं. पंखा बसवलास तर पाइपवर रंगीत द्रवाची यू-नळी असते. दोन्ही बाजूंचा द्रव समपातळीत दिसला तर पंखा बंद आहे असं समजायचं. आमच्या ओळखीतल्या एकांच्या भाडेकरूने आवाज होतो म्हणून पंख्याचा स्विच बंद करून ठेवला होता, आणि पाइप कशाचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तू चाव्या देतानाच ती नळी दाखव, मुलालाही दाखव.

सोबत मामीने तिळगूळ पाठवलाय. डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठीवर लायसन्सवाल्याचा नंबर आहे. सोमवारी सकाळी फोन कर, दुपारनंतर तो उचलत नाही.

तुझा,
मामा