कसे लागले? – बालवर्गासाठी फळे चाखण्याचा एक पाठ

आमच्या बालवर्गात दर हिवाळ्यात एक दिवस फळे चाखण्याचा असतो. मुले साडेतीन ते पाच वर्षांची. पाठ अर्ध्या तासाचा, खर्च अगदी थोडा. तो कसा घ्यावा आणि त्यात कोठे चुकते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. तेच येथे पालकांपुढे आणि शिक्षिकांपुढे ठेवीत आहोत.

इंद्रियांना वळण देणे हे बालशिक्षणाचे पहिले काम, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले आणि पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. रंग, आकार, आवाज यांचे पाठ आपण आजही घेतो. जीभ मात्र बहुधा राहून जाते.

बडोद्यातल्या आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. दिवसभर त्यांच्या कानावर गुजराती पडते. पेरूला ती सहज जामफळ म्हणतात, डाळिंबाला दाडम. दोन भाषा येणे हे भाग्यच होय. परंतु फळाविषयी मराठीत बोला म्हटले, तर त्यांच्याजवळ दोनच शब्द निघतात : 'आवडलं' आणि 'नको'.

आमची चूक

पहिल्या वर्षी आम्ही आवळ्याची फोड मुलांच्या हाती दिली. एका मुलाने तोंड वाकडे केले. "खा, औषधी असतो," असे म्हणून आमच्यातील एकीने ती त्याच्या तोंडात घातली. मूल रडले, आणि त्या हिवाळ्यात त्याने वर्गात कोणत्याच फळाला हात लावला नाही. त्याच्या आजी शांतपणे एवढेच म्हणाल्या, "बाई, खा खा म्हणालात, कसं लागलं ते विचारलंत का?"

त्या एका प्रश्नावर आम्ही सारा पाठ पुन्हा बेतला.

तयारी

आदल्या दिवशी पालकांना विचारावे की, मुलाला कोणते फळ बाधते का. खंडेराव मार्केटातून केळी, चिकू, मोसंबी, आवळे, एक पूर्ण पिकलेला आणि एक अर्धकच्चा पेरू आणावा. फळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. मुलांचे हातही धुवावेत. बिया व आठळ्या काढून फोडी अगदी लहान कराव्यात. पेरूचा बियांचा गर काढून कडेच्या पातळ चकत्या कराव्यात, आवळा किसून घ्यावा. द्राक्षे ठेवल्यास ती उभी चार भागांत चिरावीत. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते. मुलांनी बसूनच खावे, आणि खाताना त्यांना हसवू नये.

पाठ

प्रथम अख्खे फळ हातात फिरवावे. खरखरीत की गुळगुळीत? वास कसा? मग चिरावे. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो, ते मुलांना दाखवावे. मुले फार नवल करतात. आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन तो काळा रंग येतो.

मग चाखणे. गोडापासून आरंभ करावा : केळे, चिकू, नंतर मोसंबी, शेवटी पेरूच्या दोन चकत्या आणि आवळा. कोणी नुसता वास घेईल, कोणी जीभ लावील, कोणी वाटीत परत टाकील. ते सर्व चालते. नवे फळ आठ-दहा वेळा थोडे थोडे समोर आले म्हणजे पुष्कळ मुले ते स्वीकारतात. बळजबरीने मात्र तिटकाराच वाढतो.

"आवडलं का?" हा प्रश्न विचारू नये. त्याने मुलाचे बोलणे हो-नाहीवर संपते. "कसं लागलं?" असे विचारावे आणि थांबावे. मूल प्रथम स्वतःच्या शब्दांत सांगते : 'टोचलं', 'पाणी सुटलं', 'तोंड घट्ट झालं'. मग आपण शब्द द्यावा : आंबट, आंबटगोड, तुरट.

कच्च्या पेरूने तोंड का आवळते? त्यातील तुरट द्रव्य लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. म्हणून आजचे शास्त्र तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा मानते. आपल्या वैद्यकाने मात्र त्याला 'कषाय' म्हणून सहा रसांत स्थान दिले आहे. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा पुस्तकांत असे, तो चुकीचा ठरला आहे. तो शिकवू नये. सर्व चवी जिभेच्या सर्व भागांवर कळतात.

शेवटी आवळ्यावर घोटभर पाणी द्यावे. पाणी गोड लागते! तो आनंद पाहण्यासारखा असतो.

फळ काय मिळाले?

दुसऱ्या वर्षी तोच मुलगा पुन्हा बसला. आवळ्याची वाटी त्याने दोनदा सरकवली. आम्ही काही बोललो नाही. तिसऱ्या फेरीत त्याने कीस जिभेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तोंड घट्ट झालं." आम्ही म्हणालो, "त्याला तुरट म्हणतात." संध्याकाळी त्याने घरी आजींना आवळा खायला लावला आणि विचारले, "आजी, तुला कसं लागलं?"

हे आजींनीच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले. पालकांना आमची विनंती एवढीच की, आठवड्यातून एकदा घरी एखादे फळ सर्वांनी मिळून असे चाखावे. मुलाला शब्द हवा असतो तेव्हाच तो द्यावा. अशा वेळी मिळालेला 'तुरट' हा शब्द मूल विसरत नाही, आणि आवळाही टाकीत नाही.