चित्र वाचू या : दहा माणसांचे पोस्टर

इतिहासाच्या तासाला आम्ही नववीच्या फळ्यावर एका जुन्या पोस्टरची प्रत लावली आणि त्यावरचे शब्द कागदाने झाकले. वर पाच बायका, खाली पाच पुरुष. ‘कशाचे असेल?’ विचारल्यावर ‘नाटकाची जाहिरात!’ असे उत्तर आले. मग कागद काढला.

पोस्टर इंग्लंडमधले, साधारण १९१२ चे. तेव्हा तिथे पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मत नव्हते. वरच्या ओळीचा मथळा सांगतो, स्त्री काय काय होऊ शकते आणि तरी तिला मत नाही : नगराध्यक्ष, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, कारखान्यातली कामगार. खालची ओळ सांगते, पुरुष काय होऊन गेला तरी त्याचे मत जात नाही : कैदी, वेडा, स्त्रियांचा व्यापार करणारा, सैन्यात नापास झालेला, दारुडा. भाषण नाही, आकडे नाहीत. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या, एवढेच.

एका मुलीने अचूक शंका काढली. मत नाही, तर नगराध्यक्ष कशी? उत्तर असे की गावच्या कारभारात काही स्त्रियांना मत आधीच मिळाले होते आणि १९०७ च्या कायद्याने त्या नगराध्यक्षही होऊ शकत होत्या. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टर बाई १९०८ मध्ये ऑल्डबरोच्या नगराध्यक्ष झाल्या. म्हणजे वरच्या ओळीतल्या दोन जागा या एकट्या बाईंनी भरल्या, पण पार्लमेंटसाठी मत नाहीच!

हे काम ‘सफ्रेज अटेलिये’ या १९०९ मध्ये निघालेल्या कलाकारांच्या मंडळाचे. ते लाकडी ठशांवरून हाताने छपाई करत. त्यामुळे खर्च कमी येई आणि घडलेल्या गोष्टीवर चित्र लवकर निघे. ठसठशीत रेघा, मोजके शब्द यांचे कारणही तेच. आमच्या चित्रकला स्पर्धेत पोस्टरवर निबंध लिहिणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

पण एक गोष्ट आम्हाला खटकते. मानसिक आजार असलेला किंवा शरीराने अधू माणूस दारुड्याच्या आणि गुन्हेगाराच्या रांगेत का? आपला हक्क मागताना दुसऱ्या दुबळ्याला खाली ढकलले गेले. वर्गात यावर बराच वाद झाला, तो मिटला नाही.

इंग्लंडमध्ये १९१८ साली तीस वर्षांवरच्या, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षी, १९२८ मध्ये. आपले बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. इलाख्याच्या कायदे कौन्सिलने १९२१ मध्येच स्त्रियांवरची बंदी उठवली. मात्र मालमत्तेची अट राहिली, त्यामुळे थोड्याच घरांतल्या बायका यादीत आल्या.

आता गृहपाठ. आजीला किंवा पणजीला विचारा : पहिले मत कोणत्या साली दिले, केंद्र कुठे होते, बरोबर कोण गेले होते? दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.