सेवाही शिकावी लागते

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 6:1-7, लूक 10:30-35, नीतिसूत्रे 18:13

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत कुरकुर उठली ती रोजच्या अन्नवाटणीवरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची त्या वाटणीत उपेक्षा होत होती. प्रेषितांनी ही तक्रार दडपली नाही, किंवा अधिक प्रीती करा एवढा उपदेश करून सभाही संपवली नाही. त्यांनी सर्व मंडळीला बोलावून सात माणसे निवडावयास सांगितले, आणि तीन अटी घातल्या : माणूस नावाजलेला असावा, आत्म्याने पूर्ण असावा व ज्ञानाने पूर्ण असावा. निवडलेल्या सातांची नावे वाचा. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांची भाषा व त्यांची घरे ओळखणाऱ्यांच्याच हाती ते काम गेले, असे दिसते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळ्यांना हा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. बेळगावीत सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत. आपल्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या वृद्ध विधवेला पेन्शनचा अर्ज वाचता येत नाही. आपण तिच्यासाठी प्रार्थना करतो, नाताळात साडी देतो. परंतु कोणत्या कचेरीत, कोणता दाखला घेऊन जावे हे मंडळीत कोणालाच ठाऊक नसते. येथे प्रीतीचा तुटवडा नाही, ज्ञानाचा आहे.

सेवेचे शिक्षण

अमेरिकेत या ज्ञानाचे रीतसर शिक्षण ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये मिळते. अशा दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांची सुरुवात इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली झाली. फी कमी, प्रवेश खुला व घराजवळच वर्ग, यामुळे नोकरी करणारे आणि मुले वाढवणाऱ्या आयाही तेथे शिकू शकतात.

1963 साली त्या देशात नवा कायदा झाला व मनोरुग्णांची काळजी दूरच्या मोठ्या इस्पितळांऐवजी वस्तीतच घ्यावी असे धोरण ठरले. मग वस्तीत काम करणारी शिकलेली माणसे हवी झाली. त्याच दशकात ‘ह्यूमन सर्व्हिसेस’, म्हणजे मानवसेवा, हा अभ्यासक्रम या महाविद्यालयांत रुजला. न्यूयॉर्कमध्ये ऑड्रे कोहेन यांनी 1964 साली गरीब वस्त्यांतील स्त्रियांनाच शाळा व सेवाकेंद्रांतील कामासाठी तयार करणारी संस्था काढली. यरुशलेमेतील निवडीचे तत्त्व येथेही दिसते : ज्यांना अडचण ठाऊक आहे त्यांनाच कामाला लावावे, मात्र शिकवून.

या अभ्यासक्रमात मानसशास्त्र, कुटुंब, व्यसन व वृद्धत्व हे विषय असतात. बोलते कसे करावे, नोंद कशी ठेवावी, गुप्तता कोठवर पाळावी हेही शिकवतात. शिवाय अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. पुस्तक वाचून पोहणे येत नाही, तसेच हे आहे.

आपल्या घरचा वारसा

हे सर्व परदेशी आहे असे कोणी समजू नये. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 साली मुंबईस आले. नागपाड्यात गिरणी कामगारांच्या व गरिबांच्या वस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभे राहिले. केवळ चांगल्या मनाने हे काम निभत नाही, त्याला शिकलेली माणसे लागतात, हे तेथील अनुभवाने दिसले. त्यातूनच 1936 साली मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी ही भारतातील पहिली संस्था होय. 1944 साली तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. मुलांसाठीची 1098 ही दूरध्वनी सेवाही 1996 साली याच संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाली. ज्या मिशनच्या सेवेतून आपल्या कित्येक मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याच मिशनच्या एका सेवकाने हे बी पेरले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी चार धडे

1. आधी ऐकावे. पुरते ऐकण्याआधीच उत्तर देणे यास नीतिसूत्रे मूर्खपणा म्हणतात. दुःखी माणूस बोलू लागताच आपण वचन सांगू लागतो. तो गप्प होतो, आणि त्याचे समाधान झाले असे आपण मानतो.

2. गुप्तता पाळावी, पण तिची मर्यादा जाणावी. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत मांडणे हा विश्वासघात आहे. उलट, एखादे मूल आपल्यावर होणारा अत्याचार सांगते व म्हणते, “कोणाला सांगू नका.” मायेपोटी शिक्षक तसे वचन देतात, आणि मूल त्याच घरी परत जाते. असे वचन कधीही देऊ नये. मुलाचे शांतपणे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा, उलटतपासणी करू नये, आणि त्याच्या सुरक्षिततेसाठी ही गोष्ट योग्य माणसांना सांगावी लागेल हे त्याला समजावावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याप्रमाणे (पोक्सो) अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा आहे. मंडळीची अब्रू जाईल या भीतीने गोष्ट मिटवणारा लेकराला दुसऱ्यांदा टाकून देतो.

3. आपली मर्यादा ओळखावी. शोमरोन्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, जखमीला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती सोपवले, पैसे दिले आणि परत येण्याचे कबूल केले. सर्व काही आपणच करावे असा हट्ट त्याने धरला नाही. सोपवून विसरलाही नाही. खिन्नतेने ग्रासलेल्या माणसासाठी प्रार्थना करावी आणि त्याला डॉक्टरकडेही न्यावे.

4. नोंद ठेवावी. कोणाला भेटलो, काय ठरले, पुन्हा केव्हा जायचे, हे लिहून ठेवावे व ती वही कुलपात असावी. यरुशलेमेत उपेक्षा रोजच्या वाटणीत झाली होती, आणि रोजच्या कामात माणूस सहज विसरला जातो.

एक आक्षेप

पवित्र आत्मा असता शिक्षण कशाला, असे काही बंधुभगिनी विचारतात. निर्गम 31 मध्ये देवाने बसालेलास आत्म्याने भरले, तेव्हा त्याच्या हाती कसब आले. देवाच्या आत्म्याला कसबाचे वावडे नाही. प्रेषितांनीही आत्मा व ज्ञान ही दोन्ही एकाच वाक्यात मागितली. आणि सातांची नेमणूक झाल्यावर काय झाले ते सातव्या वचनात पाहा : देवाचे वचन पसरत गेले व शिष्य फार वाढले. वाटणी नीट झाली आणि सुवार्तेला वाट मिळाली.

म्हणून आमची विनंती आहे की प्रत्येक मंडळीने निदान एका तरुणाला अथवा तरुणीला या शिक्षणासाठी पाठवावे व खर्चाचा भार उचलावा. समाजकार्य महाविद्यालय दूर असल्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने समाजकार्याची पदवी घेता येते. आपल्या मुलांनी डॉक्टर-इंजिनियर व्हावे म्हणून आपण कर्ज काढतो. विधवेचा अर्ज भरणारा हात शिकवण्यासाठीही पंचांनी वार्षिक अंदाजपत्रकात एक ओळ लिहावी.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीच्या वाटणीत आज कोणाची उपेक्षा होते? त्यांची भाषा कोणास येते?
2. शब्बाथशाळेत मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर काय करावे, हे आपल्या सर्व शिक्षकांस ठाऊक आहे काय?
3. प्रार्थनासभेत सांगण्याजोगे काय व न सांगण्याजोगे काय, हे कसे ठरवावे?
4. या कामासाठी आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी कोणाची नावे आपणांस सुचतात? त्यांना विचारावयास कोण जाईल?